दोन मुठी

सळयांच्या कारखान्यामागे, सोळा नंबरच्या प्लॉटात,
आम्ही समुद्राची हत्यारं बनवतो.
सुपारीच्या डबीत मावतील एवढी.
सेक्स्टंट, ॲस्ट्रोलेब, होकायंत्र,
तीन घड्यांची दुर्बीण, मिटली की करंगळीचं पेर.
हे जालन्यात. इथून कुठलाही समुद्र
एका रात्रीच्या गाडीवर आहे
आणि नळाला पाणी अकराव्या दिवशी.

गयासचाचा लेथवर बसतात, मी अंशांवर.
म्हणजे डोळ्याला भिंग लावून
पितळेच्या कड्यावर तीनशे साठ रेघा ओढायच्या.
तेवढ्या मावत नाहीत,
म्हणून बहात्तर ओढतो, पाच-पाचच्या अंतरानं,
मधल्या ज्याच्या त्यानं मनात धरायच्या.
पहिल्या वर्षी माझ्या कड्यावर त्र्याहत्तर भरल्या.
चाचा ओरडले नाहीत.
कडं बोटात घालून फिरवत म्हणाले,
"तुझं आभाळ पाच डिग्रीनं मोठं झालं गं.
भाडं कोण भरणार?"

ॲस्ट्रोलेबच्या पोटात चकत्या असतात,
एकेका गावाची एकेक.
आमच्या नमुन्यात बगदाद होतं, लाहोर होतं,
आणि एक, जिचं नाव झिजून गेलेलं.
गाव बदललं की चकती बदलायची,
कारण आभाळ तेच, पण कलतं
प्रत्येक गावी वेगळं.
जालन्याची नव्हती. चाचांनी केली.
एकोणीस अंश, पन्नास कला.
"केसभर सरकली ना,
तर जालना अंबाजोगाईत जाऊन पडंल,
आन् तिथं आपलं कुणी नाही."

घटिकापात्र तेवढं जमलं नाही.
खरं भांडं बुडायला चोवीस मिनिटं घेतं.
आमचं, लिंबाच्या फोडीएवढं,
पेल्यात सोडलं की
पहिली मंगलाष्टक सुरू व्हायच्या आत तळाशी.
तेच पाणी परत परत ओतून
मी दुपारभर बुडवत बसले.
भोक सुईचं केलं, मग त्याहून बारीक.
शेवटी चाचांनी पेला उचलला,
दारातल्या कडुनिंबाला पाणी घातलं
आणि भांडं खिळ्यांच्या डब्यात टाकलं.

परवा बोथराशेठचा फोन आला.
दोनशे नग ॲस्ट्रोलेब, सागवानी खोक्यात,
कुठल्याशा कंपनीच्या साहेबांना दिवाळीची भेट.
"फिरायचं ते फिरलं नाही तरी चालंल.
गोंदानं चिकटवा. टेबलावर ठेवायचंय,
जहाज हाकायचं नाही कुणाला."
नगामागं अठरा रुपये कमी.
चाचांनी पाटीवर पितळेचा भाव मांडला,
खाली विजेचं बिल,
पुसलं, पुन्हा मांडलं.
"हौ," म्हणाले फोनवर.

तीन दिवस आम्ही आभाळ चिकटवलं.
काटा थांबेल तिथं.
कुणाला कायमची पहाट आली,
कुणाला दुपार, कुणाला अशी वेळ
जी वर्षभरात कधीच होत नाही.
एकशे नव्व्याण्णव झाले.
दोनशेव्याला त्यांनी गोंद लावला नाही.
जालन्याची चकती बसवली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब,
खोकं बंद,
आणि बाकीच्यांत मिसळून टाकलं
पत्ते पिसावेत तसं.
"कुणाच्या वाट्याला जाईल?"
चाचा फुंकर मारून लेथवरचा कीस उडवत राहिले.

रात्री आमच्या गल्लीची लाईट गेली.
भट्टीची जात नाही.
मी गच्चीवर हात लांब करून
क्षितिजावर एक मूठ ठेवली, तिच्यावर दुसरी.
एक मूठ म्हणजे दहा अंश.
दोन मुठींवर, आमच्या गावाला, ध्रुव असतो.
धूर होता. दिसला नाही.
खाली कुणीतरी टँकरचा पाइप हौदात सोडत होतं,
पाण्याचा आवाज आधी पोकळ, मग भरीव होत गेला,
तोवर मी तशीच उभी.
मुठी उघडताना
बोटं जराशी चिकटली.